चांदी खरी, मेडल खरं, नाव मात्र खोटं

साताऱ्यात पहिल्या महायुद्धाचं मेडल विकायला निघालं की घेणारा आधी एकच गोष्ट विचारतो, चांदी खरी का? याच प्रश्नाच्या आडून नुकतंच एकाला फसवलं गेलं. प्रकार पुन्हा होण्यासारखा आहे, म्हणून सविस्तर देत आहोत.

दाखवलं ते चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि 1914, 1918. कडेवर नंबर, हुद्दा, मराठी नाव आणि 117 मराठा पलटण. आजोबा इराकमधल्या कुटच्या वेढ्यात होते, असं सांगितलं गेलं. घेणारा सावध होता. त्याने विट्याच्या गलाईवाल्याकडून, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्याकडून, टंच (चांदीची शुद्धता) काढून घेतला, चांदी चोख निघाली, आणि साध्या मेडलच्या कितीतरी पट रक्कम दिली गेली. मेडलही अस्सल होतं. बनावट होतं ते कडेवरचं नाव.

ही मेडल्स जवळपास 65 लाख निघाली, त्यामुळे एखाद्या ब्रिटिश सैनिकाचं मेडल मिळवणं अवघड नाही. मूळ नाव कानशीने घासायचं, पॉलिश मारायचं, सुट्या अक्षरांच्या ठशांनी नवं नाव ठोकायचं. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावं याच जिल्ह्यात, त्यामुळे मराठा पलटणीच्या नावाला इथे मोल आहे. 103, 110 आणि 117 या पलटणी 1916 मध्ये कुटला खरोखरच अडकल्या होत्या. गोष्टीतला हा भाग खरा असल्यामुळे उरलेलीही पटून जाते.

टंच बघून हे कधीच कळणार नाही. व्हर्निअर कॅलिपर लागतो. मेडलचा व्यास 36 मिमी. तो चार-पाच ठिकाणी मोजा. कानस फिरलेली कड कुठे 35.6, कुठे 35.8 अशी भरते, आणि वरच्या दांडीच्या पकडीजवळ, जिथे कानस पोचत नाही, तिथे धातू किंचित उंच राहतो. मग दहापट भिंग घेऊन कड उजेडात तिरकी धरा. नव्या अक्षरांखाली जुन्यांच्या पुसट रेघा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवा. राजाचा चेहरा झिजून गुळगुळीत झालेला आणि अक्षरांच्या कडा मात्र बोटाला लागतील इतक्या धारदार, हीदेखील पक्की खूण. व्यास सगळीकडे सारखाच कमी असेल आणि अंगावर बारीक खड्डे असतील तर ते बहुधा ओतीव नक्कल असतं, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो.

पलटणीचं नावही तपासा. 1922 नंतर या पलटणी 5 मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या. महायुद्धाच्या मेडलवर ते नाव दिसलं तर संशय घ्या. सैनिक लढाईत मेला असं सांगितलं जात असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत नंबर आणि पलटण शोधता येते. जिवंत परतलेल्यांची नोंद तिथे नसते, म्हणून विकणारे हल्ली आजोबा परत आल्याचंच सांगतात.

1911 च्या दिल्ली दरबाराचं, तसंच 1935 च्या पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचं आणि 1937 च्या सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं, ही मेडल्स सरकारने कोरीच दिली. त्यांवर नाव दिसलं तर ते नंतर खासगीत घातलेलं आहे. केवळ त्या नावासाठी जादा पैसे मोजू नका.

चांदी तपासायचीच असेल तर कसोटीवर घासू नका, चरा कायमचा राहतो. रिबन काढून मेडलचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा आणि मेडल दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आधीच्या वजनाला आताच्या आकड्याने भागलं की चांदीला 10.3 च्या आसपास उत्तर येतं, पितळेला 8.5. काटा 0.01 ग्रॅमचा हवा, साध्या काट्यावर फरक कळत नाही.

पावतीवर 'कडेवरचं नाव मूळ आहे, तसं नसल्यास पैसे परत' हे वाक्य विकणाऱ्याच्या हाताने लिहून सही घ्या. तो कां-कूं करू लागला तर पाकीट खिशातच राहू द्या. पैसे यूपीआयवरून गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि मेडल पॉलिश न करता कडेचे चहूबाजूंनी फोटो काढून ठेवा. कानशीचे ओरखडे हाच पुरावा असतो, एकदा ब्रासो फिरवला की तो पुसट होतो.