आठ महिने, एकच पब: तिथल्या जेवणाचा अनुभव

मागच्या सप्टेंबरात आम्ही घर बदललं. नव्या घरापासून चालत सात मिनिटांवर एक पब आहे. तेव्हापासून साधारण पंधरा दिवसांतून एकदा आम्ही तिथे जेवतो. कधी दुपारी, कधी रविवारी, दोनदा सासूबाईंना घेऊन. इंग्लंडमधल्या आपल्या कितीतरी घरांत पब म्हणजे फक्त पिण्याची जागा, असंच अजून मानलं जातं. माझे आई-वडील इथे आले तेव्हा दारातूनच परत फिरायला निघाले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिथली रीत आधी सांगते. टेबलापाशी ऑर्डर घ्यायला कुणी येत नाही. बसायचं, टेबलाचा नंबर बघायचा, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि पैसे तिथेच भरायचे. जेवण मात्र टेबलावर आणून देतात. पहिल्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं, वीस मिनिटं तशीच गेली. शेवटी बारमागच्या मुलीने स्वतः येऊन नीट समजावलं. नळाचं पाणी मागा, ते फुकट मिळतं. दारूच्या परवान्याचीच ती अट आहे. मेन्यूवरच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि इथे सर्व्हिस चार्ज लावत नाहीत. त्यामुळे कार्डावर दिसतो तोच आकडा खिशातून जातो.

आता मुद्द्याचं. या पबमध्ये दोन मेन्यू आहेत, आणि पैसे वसूल होतात ते एकाच मेन्यूत. टेबलावरच्या लांबलचक प्लास्टिकच्या कार्डावर बर्गर, लसान्या, करी, सगळं आहे. त्यातली लसान्या आम्ही दोनदा मागवली. दोन्ही वेळा कडेला चटका बसेल इतकी गरम आणि मधे कोमट. करीबद्दल लिहीत नाही, आपण घरी करतो ती बरी. पण बारशेजारच्या फळ्यावर खडूने पाच-सहा पदार्थ लिहिलेले असतात, ते खरोखर त्या स्वयंपाकघरात शिजतात. स्टेक अँड एल पायचंच (एल नावाच्या बीअरमध्ये शिजवलेलं बीफ भरलेली पेस्ट्री) उदाहरण घ्या. पुष्कळ ठिकाणी वाडग्यात रस्सा ओतून वर पफ पेस्ट्रीचं नुसतं झाकण ठेवतात. इथला पाय खालून, बाजूंनी, वरून, सगळीकडून पेस्ट्रीचा, आणि बुडाशीही तो ओला राहिलेला मी एकदाही पाहिला नाही. सोमवार ते शुक्रवार दुपारी फळ्यावरचे दोन कोर्स चौदा पाऊंडांत मिळतात. मार्चपर्यंत तेरा होते.

रविवारचा रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या, ग्रेव्ही) हवा असेल तर वेळ महत्त्वाची. बारा ते एकच्या दरम्यान जा. बीफ सकाळी एकदाच भाजलेलं असतं. साडेबाराला त्याचे काप आतून गुलाबी असतात, तीननंतर करडे पडतात. बटाट्यांची खरपूस कड चामट होते आणि यॉर्कशायर पुडिंग (अंडं-दूध-मैद्याचा भाजून फुगवलेला पदार्थ) बसतं. आम्ही एकदा साडेतीनला गेलो होतो. पैसे तेवढेच दिले आणि निराश होऊन परतलो. लेकीला लहान ताटली मिळते, नऊ वर्षांच्या मुलीला ती पुरेशी होते.

शाकाहारी माणसांनी पुढचं नीट वाचा. सासूबाई अंडंही खात नाहीत. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, "मला नुसते चिप्स सांग गं." चिप्स म्हणजे इथे बटाट्याचे तळलेले जाड काप. मी बारवर अ‍ॅलर्जीची वही मागितली. इथे कायद्याने १४ अ‍ॅलर्जनांची (अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांची) माहिती द्यावीच लागते. अंडं, दूध, मासे सगळं त्यात कळतं, अगदी वूस्टर सॉसमधले अँचोवी मासेसुद्धा. पण मांस त्या १४ मध्ये नाही. म्हणजे बटाटे बीफच्या चरबीत भाजले असतील, ग्रेव्हीत मांसाचा रस असेल, तर वहीत त्याचा पत्ताही लागणार नाही. ते तोंडानेच विचारावं लागतं. मी विचारलं. मुलगी आत जाऊन आली आणि सरळ सांगितलं: चिप्स आणि मासे एकाच तेलात तळतात, रोस्टचे बटाटे चरबीतले, नट रोस्टमध्ये (सुक्यामेव्याचा बिनमांसाचा रोस्ट) अंडं. त्या दिवशी सासूबाईंनी बीन्स घातलेला जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) खाल्ला आणि काही बोलल्या नाहीत. मला मात्र वाईट वाटलं.

निघताना शेफ स्वतः बाहेर आला. म्हणाला, आदल्या दिवशी फोन करा, मी वेगळं करतो. पुढच्या वेळी मी फोन केला. वेगळ्या ट्रेमध्ये रेपसीड तेलात भाजलेले बटाटे, भाज्यांच्या स्टॉकची ग्रेव्ही आणि पफ पेस्ट्रीत मशरूम-पालक, असं भरलेलं ताट सासूबाईंसमोर आलं. पेस्ट्रीवर अंड्याऐवजी दूध लावल्याचंही त्याने सांगितलं. जादा पैसे घेतले नाहीत. या वस्तीत त्याहून महागडी दोन रेस्टॉरंट्स आहेत, पण तिथे एवढी आस्था आम्हाला मिळाली नाही. माझ्या लेखी या जागेची खरी किंमत इथे आहे.

बीअरबद्दल एकच: हातपंपाची कास्क एल (पिंपातून काढलेली बीअर) नितळ करण्यासाठी बऱ्याचदा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात, आणि ते जाहीर करण्याची सक्ती नाही. कटाक्षाने शाकाहारी असाल तर तेही विचारा. चव बघायला घोटभर आनंदाने देतात.

तक्रारी आहेत. गाजर आणि कोबी दर वेळी जास्त शिजलेले. गुरुवारी क्विझ असते, त्या रात्री जेवण यायला पाऊण तास लागतो आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कॉफी आपापल्या घरी जाऊनच प्या. दारावर स्वच्छतेचं ५ चं, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं, स्टिकर आहे. वेल्समध्ये ते लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही, तरी यांनी लावलंय, आणि स्वच्छतागृह आठ महिन्यांत एकदाही अस्वच्छ दिसलं नाही.

सासूबाई येत्या बुधवारी भारतात परततात. रविवारी साडेबाराचं टेबल मी सांगून ठेवलंय, शनिवारी सकाळी शेफला फोन करायचा आहे. पेस्ट्रीत या वेळी पालक जरा जास्त घालायला सांग, असा निरोप त्यांनी दिलाय.