वांद्र्याचा किल्ला: बाग छान, किल्ला बेताचा

बँडस्टँडचा रस्ता लँड्स एंडला संपतो, तिथेच हा किल्ला. राजगड-रायगडाची सवय असलेल्यांनी आधीच समजून यावं, इथे माची-बालेकिल्ल्याचा थाट नाही. माहीमच्या खाडीवर नजर ठेवायला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेली ही चौकी. इथल्या झऱ्यावर गलबतं गोडं पाणी भरून घेत, म्हणून नाव आग्वाद, म्हणजे पोर्तुगीजमध्ये पाणी भरायची जागा; गोव्यातल्या आग्वादचंही तेच. मराठे साष्टीवर, म्हणजे वांद्रे ज्यावर होतं त्या मुंबईच्या उत्तरेच्या बेटावर, उतरणार अशी चिन्हं दिसल्यावर इंग्रजांनी किल्ल्याचा बराच भाग पाडला, कारण तो मराठ्यांच्या हाती गेला असता तर इंग्रजांचं मुंबई बेट टप्प्यात आलं असतं. उरली ती थोडी तटबंदी आणि दरवाजा. दरवाजावरचा पोर्तुगीज शिलालेख न बघताच बहुतेक जण सेल्फीला पुढे पळतात.

२००३ मध्ये रहिवाशांच्या ट्रस्टने पुढाकार घेतला आणि खासदार निधीतून डागडुजी सुरू झाली. तेव्हा विटांची एक कमान पडायला आली होती, एका भिंतीचा पाया समुद्र खात होता. शहाणपणाची गोष्ट म्हणजे मूळचे खडक फोडले नाहीत. पायवाटा आणि खुला रंगमंच त्यांच्याच अंगाने बसवले. रंगमंचाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसावं. तिथे माडांची सावली मिळते, वर तटावर ती जवळजवळ नाहीच. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी यायचं नाही.

सी-लिंक तटावरून दक्षिणेला दिसतो. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे सरकून मावळतो, त्यामुळे पूल आणि सूर्यास्त एका फोटोच्या जवळपास येतात. मे-जूनमध्ये तो पार उजवीकडे जातो, ती आशा सोडा. किल्ला संध्याकाळी लवकर बंद करतात, तेव्हा पाचच्या आत पोचलेलं बरं.

वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा करा. रविवारी गाडी आणणं म्हणजे पार्किंगसाठी बँडस्टँडला घिरट्या. पाण्याची बाटली सोबत ठेवा. पावसाळ्यात दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोतच.

आणि खालच्या खडकांवर उतरू नका. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे 'परवा याच वेळी तर कोरडं होतं' हा हिशेब चुकतो. पाणी आधी मागच्या खाचेत भरतं. पुढचा खडक कोरडाच दिसत राहतो आणि परतीची वाट गेलेली असते.