नेट बंद : रीस्टार्ट, रीसेट, तक्रार की नवा राउटर?

फोनवर वायफायची खूण दिसते, पण काहीच उघडत नाही. मग घरातले चौघे चार सल्ले देतात. चारही सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात. कुठला कधी मानायचा ते मात्र दिवे बघूनच ठरवा.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर सिग्नलच घरापर्यंत येत नाहीये. तिथे रीसेट करून किंवा नवा राउटर आणून काही उपयोग नाही; तक्रारच करायची. त्याआधी मागची हिरव्या टोकाची बारीक वायर तेवढी बघा. टीव्हीचं कपाट भिंतीला सरकवताना ती मुडपते, आणि आत काच असल्यामुळे मुडपलेल्या जागी प्रकाश गळतो. हलक्या हाताने सरळ करा. तरीही दिवा लाल असेल, तर बिघाड बहुतेक बाहेर आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडसारख्या सतत खोदकाम चालणाऱ्या भागात तर ही शक्यता आधी धरा आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. नवी मुंबईत सेक्टरातल्या जुन्या इमारतींत केबलवाल्याचा स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारा डबा, जिन्यात किंवा गच्चीवर असेल, तर तिथली लाइट गेल्यावर घरातल्या इन्व्हर्टरचा काही फायदा होत नाही.

लाल दिवा नसेल, तर रीस्टार्ट. राउटर आणि फायबरचा डबा वेगळे असतील तर दोन्ही बंद करा, अर्ध्या मिनिटाने आधी डबा लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. यात गमावण्यासारखं काही नाही.

रीसेटचं तसं नाही, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. भोकात पिन घालून दहा सेकंद दाबलं की वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसले जातातच, शिवाय पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीशी जोडणाऱ्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्डही जातं. कंपनीने दिलेल्या काही डब्यांत सेटिंग आपोआप परत येतं. स्वतः विकत घेतलेल्या राउटरमध्ये ते हातानेच भरावं लागतं. ते कागदावर लिहिलेलं नसेल, तर रविवारी संध्याकाळी त्या भोकाकडे जाऊच नका. व्हॉट्सअ‍ॅप चालतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, एवढीच अडचण असेल तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून गूगलचा ८.८.८.८ टाकून बघा. बहुतेक वेळा रीसेटची गरजच पडत नाही.

नवा राउटर सगळ्यात शेवटी. फायबरच्या डब्यातून लॅनची वायर थेट लॅपटॉपला लावा. पीपीपीओई असेल तर युजरनेम लॅपटॉपवर भरा. नेट आलं तर दोष राउटरकडे आहे. तरी आधी त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. अ‍ॅडॉप्टर कमजोर झाला की दिवे लागतात, पण राउटर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो. अ‍ॅडॉप्टर बदलूनही तेच होत असेल, तर खुशाल नवा घ्या.