सेल्फ अँकर म्हणून मला जे विकलं गेलं

सुळक्यावर स्टेशनला, म्हणजे कातळात ठोकलेले बोल्ट असलेल्या थांब्याला, पोचलं की पहिलं काम सेल्फ अँकर लावायचं. कमरेच्या हार्नेसपासून बोल्टपर्यंतचा तो हातभर पट्टा लागला की मगच बाकीचं सगळं: मागच्याला वर घ्यायचं, दोर सोडवायचा, रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून खाली उतरायची, तयारी करायची. तेवढा वेळ माणूस त्या एका पट्ट्याच्या भरवशावर असतो. नेमकी हीच वस्तू सध्या नकली विकली जातेय. सातारा-सांगलीकडच्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तिचे फोटो फिरतायत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सेल्फ अँकरलाच पर्सनल अँकरही म्हणतात. जाहिरातीत लिहिलं होतं: ‘पर्सनल अँकर. ओरिजिनल डायनिमा. प्रत्येक लूप २२ केएन. युरोप सर्टिफाइड. फक्त १,४५०.’ सोबत फोटो: पांढऱ्या-निळ्या पट्ट्याला ओळीनं शिवलेले लूप, खाली ठिपक्यांची फरशी. आमच्या ग्रुपमधल्या कॉलेजच्या पोरांनाही हवे होते, म्हणून एकदमच मागवायचे ठरले. मी फोन केला. बिल? ‘जीएसटी बिल मिळेल सर.’ परत घेणार का? ‘सर, सात दिवसांत बिनशर्त.’ सर्टिफिकेट? दोन मिनिटांत पीडीएफ आली. युरोपातल्या कंपनीचं लेटरहेड, शिक्का, सही. यूपीआयनं पैसे गेले, पोवई नाक्यावरच्या कुरिअरवाल्याकडून पार्सल आणलं.

बिल नव्हतंच. पट्ट्याला शिवलेल्या पांढऱ्या लेबलवर ‘सीई’ ही युरोपच्या नियमांची खूण आणि ‘२२ केएन’ एवढंच. बॅच नंबर नाही, साल नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही.

हे लेबल नीट बघायला शिका. उंचावरून पडण्यापासून वाचवणारी वस्तू युरोपच्या नियमांत सगळ्यात वरच्या जोखमीच्या वर्गात येते. त्यामुळे तिच्यावर नुसतं ‘सीई’ चालत नाही, पुढे चार आकडी नंबर लागतो. तो उत्पादनावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा असतो. ०१२३ दिसला तर जर्मनीतली ट्यूफ ज्यूड, जुन्या मालावर ०१२० दिसला तर एसजीएस. शिवाय मानकाचा क्रमांक हवा. शिवलेल्या स्लिंगचं, म्हणजे अशा पट्ट्याचं, मानक ईएन ५६६, आणि त्यात किमान ताकद २२ केएन (किलोन्यूटन), म्हणजे साधारण २,२०० किलोचा ताण. नकली माल बनवणाऱ्याला २२ हा आकडा पाठ असतो, बाकीचं तो गाळतो.

पीडीएफचा उलगडा आमच्या नानांनी केला. नानांनी एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलंय आणि सह्याद्रीत दोर टाकायला आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, ‘अरे, ह्यात ईएन १२२७५ लिहिलंय. हे कॅराबिनरचं, म्हणजे गेट असलेल्या धातूच्या कडीचं, मानक. पट्ट्याचा ह्याच्याशी काय संबंध?’ मग आम्ही मोठं करून पाहिलं. वस्तूच्या नावाच्या ओळीचा टाइप बाकीच्या कागदापेक्षा वेगळा होता. दुसऱ्या कुणाच्या खऱ्या कॅराबिनरचा कागद घेऊन त्यावर ‘पर्सनल अँकर’ चिकटवलं होतं.

इथवर ही नकली मालाची गोष्ट झाली. फसवणूक त्यापुढेही होती. जे विकलं ते मुळात सेल्फ अँकरच नव्हतं. ती डेझी चेन होती, म्हणजे एकाच लांब पट्ट्याला ठरावीक अंतरावर टाके घालून पाडलेले कप्पे. कृत्रिम चढाईत, म्हणजे कातळाऐवजी साधनांवर भार देऊन चढताना, वजन टाकून उभं राहायला ती असते. टोकापासून टोकापर्यंत तिची ताकद पूर्ण असली, तरी मधला एकेक कप्पा चांगल्या कंपनीच्या डेझीतसुद्धा दोन-तीन केएनच्या पुढे धरत नाही. खऱ्या पर्सनल अँकरमध्ये प्रत्येक कडी स्वतंत्र, पूर्ण गोल आणि पूर्ण ताकदीची असते. साखळीसारखी एकीत एक ओवलेली.

फरक दाखवायला नानांनी एक पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. कॅराबिनर आधी टोकाच्या लूपमध्ये होता. पट्टा आखूड करायला आपण सगळेच करतो तसं त्यांनी तोच कॅराबिनर शेजारच्या कप्प्यातही घातला. मग ब्लेडनं त्या दोन कप्प्यांमधले टाके उसवले. टाके सुटले आणि कॅराबिनर सरळ त्यांच्या हातात आला. पट्टा शाबूत, कॅराबिनरचं गेट बंद, स्क्रू आवळलेला, आणि तरी दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. पोरांपैकी एकानं ‘परत दाखवा’ म्हटलं, तेव्हा नानांनी दुसरा पट्टा उसवला. तसाही तो कशाच्या कामाचा होता?

उरलेल्यांपैकी एक एमआयडीसीत मित्राच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये नेला. एका बाजूला गर्डर, दुसऱ्या बाजूला चेन ब्लॉक, मध्ये क्रेनचा डिजिटल वजनकाटा. आम्ही पत्र्याच्या आड उभे राहिलो, कारण तुटलेला पट्टा कसा उसळेल याचा नेम नाही. टोकाला टोक धरून ओढलं. सातशेच्या थोडं पुढं काटा गेला आणि टाके फर्रकन उलगडले. पट्टा फाटलाच नाही, शिवणच गेली. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, हे मान्य. पण कुठं बावीसशे आणि कुठं सातशे!

विक्रेत्याचा आणखी एक शब्द होता, ‘डायनिमा’. तो ऐकला की आपल्याकडे लगेच मान डोलते. डायनिमा हा कृत्रिम धागा वजनाच्या मानानं जबरदस्त ताकदवान आहे, पण तो ताणला जात नाही. तुम्ही बोल्टच्या वर पाय टाकून उभे आहात आणि साठ सेंटिमीटरच्या पट्ट्यावर एक मीटर वीस सेंटिमीटर पडलात, तर तो फॉल फॅक्टर २ झाला, म्हणजे पट्ट्याच्या लांबीच्या दुप्पट पडणं. दोर असता तर ताणला गेला असता आणि झटका खाल्ला असता; इथे तो सगळा तुमच्या कमरेवर आणि बोल्टवर येतो. आपल्या बेसॉल्टमधले जुने, गंजके बोल्ट आठवा. गाठ मारल्यावर डायनिमाची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि ब्रिटनच्या डीएमएम कंपनीच्या चाचण्यांमध्ये गाठ मारलेल्या डायनिमा स्लिंगा एवढ्याशा पडण्यातही तुटल्या होत्या. त्यामुळे पट्टा अस्सल असो वा नकली, तो ढिला सोडून स्टेशनच्या वर चढायचं नाही.

मला विचाराल तर चढाईत स्टेशनला सगळ्यात चांगला सेल्फ अँकर म्हणजे आपलाच दोर, क्लोव्ह हिचची गाठ मारून. फुकट, ताणला जाणारा, हवा तेवढा लांब-आखूड होणारा. एकामागून एक रॅपलिंग असेल तेव्हा मात्र वेगळा पट्टा लागतो. तेव्हा डायनॅमिक, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या, दोराचा लॅनयार्ड (स्वतःला अडकवायचा आखूड दोर) घ्या. पेटझल या फ्रेंच कंपनीचा कनेक्ट ॲडजस्ट त्याच जातीचा आहे, आणि २०२१ पासून अशा लॅनयार्डसाठी ईएन १७५२० हे स्वतंत्र मानकही आहे. नाव मोठं म्हणून डोळे मिटून मात्र घेऊ नका. खुद्द पेटझलनं २०११ मध्ये आपल्या नावाच्या नकली मालाबद्दल जाहीर इशारा दिला होता. अधिकृत विक्रेता, पक्कं बिल, आणि वस्तूवरचा बॅच नंबर त्या बिलासोबत टिपून ठेवलेला, यात तडजोड नको.

पैशांचं म्हणाल तर विक्रेत्याला सातशे किलोचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘सर, वापरलेला माल परत होत नाही. आजवर एकही कम्प्लेंट नाही.’ दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. मग १९३० वर सायबर तक्रार नोंदवली. तिथं वेळेला महत्त्व आहे. पैसे पुढं सरकायच्या आत फोन गेला तर खातं गोठवता येतं, आमचे तोवर निघून गेले होते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार घातली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण दिलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील नसला तरी चालतं, आणि मुदत दोन वर्षांची आहे. स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, ती बनावट पीडीएफ आणि कुरिअरचं पाकीट, यातलं काही टाकू नका. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, आमच्या कामी तोच आला.

तोवर तो फोटो परत फिरायला लागलाय. विक्रेत्याचं नाव नवं, पट्टा तोच पांढरा-निळा, खाली तीच ठिपक्यांची फरशी. भाव मात्र आता १,५५० झालाय.