लिज्जतचा उडदाचा पापड: डबेवालीच्या स्वयंपाकघरातून

लालबागला मी जेवणाचे डबे देते. आमटी-भाताबरोबर पापड लिज्जतचाच, उडदाचा, काळी मिरी घातलेला. गॅसवर जाळी ठेवून भाजला की कडेपर्यंत सारखा फुलतो. पावसाळ्यात कुठलाही पापड सादळतो, म्हणून तेव्हा तळून वेगळ्या पिशवीत बांधते.

चव तर आहेच, पण मला यामागची पद्धत जास्त आवडते. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली; पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला घरचंच कुणी असल्यासारखा आनंद झाला. देणगी घ्यायची नाही, हे या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. लाटणारी प्रत्येक जण मालकीण, नफा-तोटा सगळ्यांचा.

पीठ लिज्जतच्या केंद्रात मळतात, बहिणी (सभासद बायकांना तिथे असंच म्हणतात) ते घरी नेऊन लाटतात आणि परत आणल्यावर पापड तपासून घेतला जातो. पीठ मध्यवर्ती ठेवलं, ही खरी हुशारी! हात हजारो, पण मीठ-मिरीचं माप एकच. त्यावरूनच आम्ही तिघी आता गोडा मसाला एकाच घरी, मापून करतो. आमटी कुणीही केली तरी गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

तरुण मुलं लसणाचा पापड मागतात. तोही छान, पण कढीबरोबर मिरीचाच घ्या.