बी७६०एम डी४: नऊ महिन्यांत तीन बोर्ड

परवा कॉम्प्युटरमध्ये तिसरा मदरबोर्ड बसवला. विकत एकच घेतला होता, बाकीचे दोन वॉरंटीत आले. मधला तर माझ्या घरात जेमतेम वीस मिनिटं टिकला. हे सगळं रामायण बोर्डाच्या नावातल्या ‘डी४’ (म्हणजे डीडीआर४ रॅमवाला) या दोन अक्षरांमुळे झालं, म्हणून लिहितो आहे.

मी नागपूरच्या महाल भागात लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स यांचं डिझाइन करतो. जुन्या मशीनमधल्या डीडीआर४ (डीडीआर५ च्या आधीच्या पिढीच्या) रॅमच्या आठ-आठ जीबीच्या चार स्टिक ठणठणीत होत्या. त्या ड्रॉवरमध्ये टाकून नवी रॅम घ्यायची हे माझ्या स्वभावात नाही. म्हणजे इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर बसेल असा, डीडीआर४ चालवणारा आणि रॅमचे चार स्लॉट असलेला बोर्ड हवा होता. बोर्डाचं नाव त्याच्या चिपसेटवरून, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपवरून पडतं. त्यातला एच६१० तिथेच बाद झाला, त्यावर दोनच स्लॉट येतात.

भाचा म्हणाला, “मामा, बी६५० घे ना, सगळे तोच घेऊन राहिले.” बाबा रे, बी६५० एएमडीचा, बी६६० इंटेलचा! आकड्यात फरक दहाचा, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसत नाही. २०१७ मध्ये एएमडीने बी३५० काढला, २०१८ मध्ये इंटेलचा बी३६० आला, आणि तेव्हापासून ४५०-४६०, ५५०-५६० असं दोघांचं शिवणापाणी चालू आहे. बी६६० आणि बी७६० मध्ये मात्र माझ्यासारख्याला जाणवेल असा फरक नाही. चिपसेटच्या एकूण लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) चौदाच, फक्त बी७६० मध्ये त्यातल्या जास्त लेन चौथ्या, म्हणजे जास्त वेगवान पिढीच्या. सीताबर्डीच्या दुकानात दोन्हींत तीनेकशे रुपयांचं अंतर होतं, म्हणून बी७६० घेतला. ‘एम’ म्हणजे छोटा, मायक्रो एटीएक्स.

आता खरी गंमत. एकाच बोर्डाची दोन भावंडं असतात, एक डीडीआर४ वालं, दुसरं डीडीआर५ वालं. सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) तोच, चिपसेट तोच, खोक्यावरचं चित्रही तेच, लाल डोळ्यांचं काहीतरी भुतासारखं. भुताला अर्धं खोकं दिलंय आणि ‘डी४’ ला मुंगीएवढी जागा. मी चष्मा कपाळावरून नाकावर आणून वाचलं, बरोबर तोच घेतला. बिलावर मात्र दुकानदाराने लिहिलं, ‘मदरबोर्ड बी७६०एम, १ नग’. मी पैसे मोजण्यात गुंग होतो.

पुढचे सात-आठ महिने तक्रारीला जागा नव्हती. कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडून दोनशे पानांची स्मरणिका केली. मार्चमध्ये तर मी चार जणांना हाच बोर्ड घ्या म्हणून सांगितलं होतं. मे महिन्यात ते चौघं भेटू नयेत म्हणून रस्ता बदलत होतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, खिडकीतला कूलर घरघरत असताना मशीन बंद पडलं. रॅमचा लाल दिवा लागलेला. स्टिक काढून खोडरबराने घासल्या, एकेक लावून पाहिली, सीमॉसचा (बोर्डावरचा बटणासारखा छोटा) सेल काढून पाव तास ठेवला. चारपैकी दोन स्लॉट मेलेले निघाले. उन्हाने, कूलरच्या दमट हवेने की नशिबाने, देव जाणे. लगीनसराई चालू, आणि मी भाच्याच्या लॅपटॉपवर पत्रिका करतोय.

सर्व्हिस सेंटरवाल्याने पहिला प्रश्न विचारला, “सॉकेटचं झाकण आणलं?” नवीन बोर्डाच्या सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण असतं ना, ते. आत १७०० नाजूक पिना असतात. एक जरी वाकली तरी वॉरंटी गेली, म्हणून झाकणाशिवाय ते बोर्ड घेतच नाहीत. मी घरी फोन लावला. बायको म्हणाली, “काळं चौकोनी? बटणांच्या डब्यात आहे. कामात येईल म्हणून ठेवलं.” दहा हजारांची वॉरंटी बटणांच्या डब्यातून निघाली. तेव्हापासून तिच्या डब्यांवर मी बोलणं सोडलं आहे.

एकोणीस दिवसांनी बदली बोर्ड आला. घरी नेला, प्रोसेसर बसवला, रॅम बसेना. दोन्ही रॅमना पिना २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी. तो डीडीआर५ वाला होता. जोर लावून दाबायच्या बेतात होतो, वेळीच हात आवरला. परत गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, “बिलावर बी७६०एम आहे, बी७६०एमच दिला ना भाऊ. उलट तुम्हाला तर अपग्रेड भेटलं!”

अपग्रेड! ३२ जीबी डीडीआर५ काय त्याचे काका देणार होते? सिरियल नंबर टाकला असता तर मॉडेल समोर आलं असतं, पण टाकतो कोण. शेवटी बोर्ड जमा करताना काढलेला फोटो कामी आला. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव त्यात दिसत होतं. मोबाइलवर मोठं करून ‘डी४’ वर बोट ठेवून उभा राहिलो. मागे रांग लागली तरी हललो नाही.

अकरा दिवसांनी हा तिसरा आला. रॅम चारही स्लॉटमध्ये बसली. विंडोजने ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ असा पवित्रा घेतला होता, पण हार्डवेअर बदललंय असं सांगितल्यावर मानलं. मशीन पहिल्यासारखंच पळतंय, त्यामुळे पाचपैकी दोन तारे द्यायचे ठरवले होते ते साडेतीन करतो. चारातला अर्धा कापला आहे, कारण कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबर वेगळा आहे आणि मागे यूएसबीचं एक तोंड कमी निघालं. स्कॅनरसाठी साडेतीनशेचा हब घ्यावा लागला. त्या बिलावर मी दुकानदाराकडून हबचं पूर्ण नाव लिहून घेतलं. झाकण परत बटणांच्या डब्यात आहे.