बेळगावातली बबल इको तपासणी : डायव्हरांनी काय मागून घ्यावं

तारकर्ली, गोवा किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट इथं डायव्हिंगला जाणारे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बरेच आहेत. त्यांच्यासाठी बेळगाव शहरातल्या एका हृदयरोग केंद्रातली बबल इको सेवा, म्हणजे शिरेत बारीक बुडबुडे सोडून ते हृदयात कुठे जातात हे सोनोग्राफीनं बघायची तपासणी, नक्कीच उपयोगाची आहे. फक्त आपल्याला काय हवं ते आधी नीट सांगावं लागतं.

आईच्या पोटात असताना हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट उघडी असते. जन्मानंतर तिच्यावरचा पडदा चिकटतो, पण साधारण चारांपैकी एका माणसात तो पुरता चिकटत नाही. यालाच पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हाले) म्हणतात. एरवी त्याचा त्रास जाणवत नाही. डायव्हिंगनंतर शिरांमधल्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे येणं नेहमीचंच आहे आणि फुप्फुसं ते गाळून घेतात. मात्र सिलिंडर उचलताना, बोटीच्या शिडीवर चढताना किंवा जोरात खोकल्यावर उजव्या कप्प्यातला दाब क्षणभर वाढला, तर हा पडदा ढकलला जातो. मग बुडबुडे फुप्फुसं चुकवून थेट मेंदू, मज्जारज्जू किंवा आतल्या कानाकडे जातात.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधल्या साध्या इकोत हे बहुतेक वेळा दिसतच नाही. कलर डॉपलरवर ‘नॉर्मल’ लिहून आलं म्हणून पीएफओ नाही असं धरून चालू नये.

बबल इकोत 10 मिलीच्या दोन सिरिंज थ्री-वेला (तीन तोंडांच्या छोट्या कॉकला) जोडतात. 9 मिली सलाइन आणि 1 मिली हवा या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये भराभर ढकलून फेसाळ करतात आणि लगेच शिरेत सोडतात. काही ठिकाणी पेशंटचं थोडं रक्तही त्यात मिसळतात, त्यानं बुडबुडे जास्त टिकतात. सुई कोपराच्या खोबणीतल्या मोठ्या शिरेत हवी. हाताच्या पंज्यावरच्या बारीक शिरेतून बुडबुडे पुरेसे दाट पोचत नाहीत. पहिलं इंजेक्शन शांत पडलेलं असताना देतात. पुढच्या वेळी शौचाला काढतो तसा जोर सुमारे 10 सेकंद धरायचा आणि उजवा कप्पा बुडबुड्यांनी भरला की एकदम सोडायचा. त्यानंतर तीन ते पाच ठोक्यांत डावीकडे बुडबुडे दिसले तर पीएफओ. त्याहून उशिरा आले तर ते फुप्फुसातल्या वाटेनं आलेले असण्याची शक्यता जास्त.

तपासणी फसते ती बहुधा या जोरापाशीच. जोर अर्धवट काढला, बुडबुडे पोचायच्या आत सोडला किंवा फेस करून सिरिंज तशीच ठेवली, की असलेला पीएफओही सापडत नाही. या केंद्रात इंजेक्शनच्या आधी जोर काढण्याचा सराव मराठीत किंवा कन्नडमध्ये नीट समजावून करून घेतात आणि एका इंजेक्शनवर थांबत नाहीत. सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

उणीव रिपोर्टमध्ये आहे. ‘पीएफओ आहे’ एवढी एक ओळ डायव्हरच्या काही कामाची नाही. बुडबुडे शांत असतानाच गेले की जोर काढल्यावरच, अंदाजे किती गेले आणि कितव्या ठोक्याला, हे लिहून मागा. क्लिप्सही घ्या. शांत असतानाही भरपूर बुडबुडे पलीकडे जात असतील तर धोका खरा मोठा. दुसरं, घशातून नळी घालून करायची इको इथं लगेच सुचवली जाते. तिला सुमारे सहा तास उपाशी राहावं लागतं आणि गुंगीत नीट जोर काढता येत नाही. पहिली तपासणी छातीवरूनच करा.

प्रत्येक डायव्हरला याची गरज नाही. तारकर्लीला उथळ पाण्यात एकदा उतरून येणाऱ्यानं पैसे घालवू नयेत. डायव्हिंगनंतर मेंदू, मणका किंवा आतल्या कानाचा त्रास झालेला, अंगावर संगमरवरासारखे चट्टे उठलेले, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी होणारे, कारण न सापडलेला पक्षाघात झालेले किंवा घरात कुणाच्या हृदयात असं छिद्र असलेले, यांनी जरूर करावी. डायव्हिंगनंतरची नुसती सांधेदुखी हे कारण धरत नाहीत. आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी वेगळी करून घ्यावी. ती कसर बबल इको भरून काढत नाही.

पीएफओ निघाला की छिद्र बंद करायचा विषय लगेच काढला जातो. तिथं घाई नको. 15 मीटरच्या आत राहणं, दिवसाला एकच डाइव्ह, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनचं हवेचं मिश्रण) वापरूनही पाण्याखालची वेळ साध्या हवेच्या डाइव्ह टेबलनं मोजणं आणि वर आल्यावर जड काही न उचलणं, एवढ्यानंही धोका पुष्कळ कमी होतो. बंद केलंच तर निदान तीन महिन्यांनी पुन्हा बबल इको करून वाट मिटल्याची खात्री होईपर्यंत आणि रक्त पातळ करणारी जोरदार औषधं थांबेपर्यंत पाण्यात उतरू नये.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट येते, ती घाटाची. आंबोली सुमारे 690 मीटरवर, बेळगाव सुमारे 750 मीटरवर. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे वाढतात, म्हणून डायव्हिंगनंतरच्या विमानप्रवासाचा नियम 600 मीटरपासूनच्या उंचीला लागू होतो : एका डाइव्हनंतर 12 तास, एकाहून जास्त डाइव्हनंतर 18 तास थांबणं. म्हणजे दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी आंबोली किंवा चोर्ला चढून घरी, हा बेत पीएफओ नसलेल्यांसाठीही वाईट. मुक्काम किनाऱ्यावर करा. वर आल्यावर पाय बधिर झाले, गरगरलं किंवा बोलणं अडखळलं, तर बबल इकोची अपॉइंटमेंट शोधत घरी येऊ नका. तिथंच 100 टक्के ऑक्सिजन लावा, जवळच्या इस्पितळातून रीकॉम्प्रेशन चेंबरची (वाढीव दाबाखाली उपचार करायच्या खोलीची) चौकशी करायला लावा आणि त्या माणसाला घाटानं वर आणू नका.